उत्तरेकडचा उजेड

नारायण पेठेतल्या त्या वाचनालयाची नवी इमारत मी बांधली. म्हणजे नकाशे मी काढले, बांधली इतरांनी. लोक अजूनही भेटले की वरच्या मजल्यावरच्या वाचनकक्षातल्या उजेडाचं कौतुक करतात. मी ‘हो, हो’ म्हणते आणि विषय बदलते. तो उजेड मी एका माणसासाठी आणला होता आणि नेमका त्यालाच तो मिळाला नाही, हे भर रस्त्यात कुणाला सांगणार?

तो माणूस म्हणजे माझे बाबा. पेठेतल्याच एका छापखान्यात ते आयुष्यभर मुद्रितशोधक होते. प्रुफं तपासायची, चुका काढायच्या आणि शेवटच्या प्रुफावर ‘छापा’ असं लिहून खाली सही करायची, हे त्यांचं काम. छापखान्याची रीत अशी होती की ज्याची सही त्याची जबाबदारी. चूक खिळे जुळवणाऱ्याची असो नाहीतर लेखकाची, सही झाली की ती बाबांची. त्यामुळे सही करायला ते फार वेळ लावत आणि मालक वैतागत. एकदा मशीन सुरू झाल्यावर बाबांना शंका आली की एका पानावरची ओळ गळली आहे. त्यांनी सरळ जाऊन मशीन बंद करायला लावलं. ओळ खरंच गळलेली होती, तरी मालक पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. बाबा हे सांगत तेव्हा त्यात बढाई अजिबात नसे. वाहता नळ दिसला, बंद केला, इतक्या साधेपणाने सांगत.

कामावरून सुटले की ते वाचनालयात जात. निवृत्त झाल्यावर तर रोज सकाळीच. ‘कुठे निघालात?’ असं जिन्यात कुणी विचारलं की ‘ऑफिसला’ म्हणत. जुनी इमारत बसकी आणि अंधारी होती, भर दुपारीही ट्यूब लावावी लागे. विश्वस्तांनी ती पाडून नवी बांधायची ठरवली आणि काम माझ्याकडे आलं, तेव्हा बाबांच्या डोळ्यांचं दुखणं नुकतंच कळलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. चालता-फिरता येतं, कडेकडेचं दिसतं, पण जिथे नजर रोखावी तिथेच डाग पडतो. इंजेक्शनं चालू होती. डॉक्टर म्हणाले होते, ‘झीज हळू आहे, बघू या.’ मी त्यातलं ‘हळू’ तेवढं ऐकलं.

भरपूर उजेड असला की बाबांना अजून वाचता येत होतं. म्हणून मी तो कक्ष त्यांच्यासाठीच आखला. विश्वस्तांना हे अर्थातच सांगितलं नाही. त्यांच्यातल्या एकांना पुढची बाजू सगळी काचेची हवी होती. ‘अहो मॅडम, जरा मॉडर्न दिसू द्या की.’ मी म्हटलं, ‘आपण मे महिन्यात दुपारी काचेमागे तासभर बसून दाखवा, लगेच काच देते.’ त्यानंतर काचेचा विषय निघाला नाही. मी छपरातच तिरप्या खिडक्यांची रांग काढली, जुन्या कारखान्यांवर असते तशी, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. उत्तरेचा उजेड शांत असतो. ऊन आत येत नाही, कागद चमकत नाही, सावली हलत नाही. नकाशा टेबलावर पसरून बाबांना दाखवला तेव्हा ते भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘यात मी कुठे बसायचं?’ मी पेन्सिलीने एक खुर्ची दाखवली. ‘बरं, लवकर कर,’ एवढंच म्हणाले.

पुस्तकं खोक्यांत भरून कात्रजच्या एका गोदामात गेली आणि जुनी इमारत पडली. बाबांचं ऑफिसच गेलं. मग ते रोज साइटवर यायला लागले. डोक्यावर पिवळं हेल्मेट, वॉचमनची खुर्ची आणि हातात वर्तमानपत्र. मजूर त्यांना मोठे साहेब म्हणत आणि मला नुसतं मॅडम.

चूक माझ्या लक्षात आली ती एप्रिलमध्ये. छपराचा स्लॅब होऊन आधाराच्या फळ्या निघाल्या होत्या. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी वर गेले, तर जमिनीवर उन्हाचे लांबलचक पट्टे पडले होते. प्रत्येक खिडकीखाली एक. बाबांची खुर्ची जिथे यायची होती तिथेही होताच. मी तिथेच नकाशा उघडला.

पेठेतल्या बऱ्याच जागांसारखी ही जागाही तिरकी होती. मी इमारत कागदावर सरळ काढली आणि उत्तर दाखवणारा बाण कोपऱ्यात तिरका केला. असं सगळेच करतात, आखायला सोपं जातं. पण छप्पर काढताना मी तो बाण विसरले आणि कागदाची वरची बाजू हीच उत्तर धरून चालले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मी यासाठी फैलावर घेतलं असतं. आता सगळ्या खिडक्या वायव्येकडे तोंड करून बसल्या होत्या आणि उन्हाळाभर मावळतीचं ऊन टेबलांवर येणार होतं.

कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. ठेकेदाराला सांगितलं तर तो म्हणाला, ‘मॅडम, पडदे लावून टाकू.’ विश्वस्तही पडद्यावर खूश झाले असते. पडदे लावले की संध्याकाळी पुन्हा दिवे, म्हणजे पुन्हा ते जुनंच वाचनालय. फोडून नव्याने करायचं तर पावसाळा मध्ये येणार, सगळी आकडेमोड पुन्हा होणार, सुतार गावी गेले की परत कधी येतील याचा नेम नाही. जवळजवळ एक वर्ष जाणार होतं.

त्या रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं. ते गॅलरीत बसले होते. मी सरळच विचारलं, ‘बाबा, काय करू? पडद्यांनी भागेल तसं.’

ते सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसत राहिले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ, हे आता कळतं. मग म्हणाले, ‘नकाशावर सही कुणाची आहे?’

‘माझी.’

‘मग मला काय विचारतेस?’

दुसऱ्या दिवशी मी विश्वस्तांसमोर माझी चूक कबूल केली. ते जे काही बोलले ते ऐकून घेतलं आणि छप्पर फोडायला लावलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. बाबांची मुलगी शोभले, असं वाटलं होतं. याची आज शरम वाटते.

ते वर्ष मी साइटवरच काढलं. बाबांचं येणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं. ‘गुडघे कुरकुरतात,’ म्हणाले. मी मान्य केलं. घरी गेले की कधी कधी आई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवताना दिसे. मी विचारलं तर बाबा म्हणाले, ‘बातम्या वाईटच असतात, निदान आवाज तरी बरा.’ आई हसली नाही. मला तेव्हाही कळलं नाही, कारण माझं डोकं त्या खिडक्यांत होतं.

वाचनकक्ष उघडला त्या सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. लिफ्टने वर गेले, माझा हात न धरता टेबलांमधून चालत गेले आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसले. समोर एक जाडजूड दिवाळी अंक उघडला. मी कपाटाआडून बघत होते. ते एकेक पान उलटत होते, प्रत्येक पानावर वाचायला लागेल तेवढा वेळ थांबून. वरून तो शांत उजेड पानावर उतरला होता. मला इतकं भरून आलं की ग्रंथपालबाईंना चेहरा दिसू नये म्हणून मी खिडकीकडे वळले. तासाभराने त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, ‘कसा आहे उजेड?’

‘छान आहे,’ बाबा म्हणाले. ‘डोळ्यांना त्रास होत नाही.’

संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याकडे तोंड करून, भांडी पुसता पुसता तिने सांगितलं की दिवाळीपासून त्यांना एक अक्षरही वाचता येत नाही. इंजेक्शनांचा उपयोग थांबला, आता फार तर सहा-आठ महिने वाचता येईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ‘कधी सांगितलं?’ मी विचारलं. ‘तू छपराचं विचारायला आलीस ना,’ आई म्हणाली, ‘त्याच्या आदल्या शुक्रवारी.’

मी हिशेब केला. पडदे लावून मोकळी झाले असते तर त्या पावसाळ्यातच वाचनालय उघडलं असतं. चार महिने का होईना, बाबा रोज सकाळी तिथे जाऊन वाचत बसले असते. सकाळी तर तिथे ऊन येतच नव्हतं.

बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या पायाशी खाली बसले. मला त्यांच्यावर राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आल्याने आवाज चढला.

‘बाबा, मला सांगायचं होतंत. मी ते छप्पर तसंच राहू दिलं असतं.’

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘म्हणूनच नाही सांगितलं.’