भावाच्या पेशी

अकोल्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, “सख्खा भाऊ आहे का तुम्हाला?” आजाराचं नाव त्यांनी नंतर सांगितलं. अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया, म्हणजे हाडांतल्या मगजात रक्त तयार होणं जवळजवळ थांबणं. पायांवरचे निळे डाग वांग्याच्या वाफ्यांत काम करताना लागल्याचे असतील, असं मी महिनाभर समजत होते.

भाऊ होता. दिनू, दर्यापूरला जीप चालवतो. त्याच्या स्टेम सेल, म्हणजे रक्ताच्या मूळ पेशी, माझ्याशी जुळल्या. नागपूरला त्या मला चढवल्या. तिसऱ्या आठवड्यात रक्त वाढू लागलं. आमच्या गावी, हिवरखेडला, घरच्यांनी पेढे वाटले.

दुसऱ्या महिन्यात तळहात भाजल्यासारखे लाल झाले. कातडी सुटू लागली. जुलाब थांबेनात.

नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी दिनूसमोरच समजावलं. टी सेल या पहारेकरी पेशी. त्या मूळ पेशींपासून हाडांत जन्मतात, पण शिकतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. आपलं कोण, परकं कोण, ते तिथे कळतं. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच मारल्या जातात.

“मूळ पेशींबरोबर भावाच्या तयार टी सेलही आल्या. त्या भावाच्या शरीरात शिकल्यात. त्यांना तुम्ही परक्या वाटता.”

दिनू उठून बाहेर गेला. पुढे सतरा दिवस आला नाही. फोनही उचलेना. मला आधी रागच आला. मरणाच्या दारात मी, आणि रुसून हा बसला!

आला तेव्हा दारातच थांबला. वाळला होता.

“ताई, माह्यंच रक्त तुले खाऊन राह्यलं ना?”

“तुह्यं रक्त नसतं तं मी असती का रे? काहून असा बोलतं?”

तो लहान पोरासारखा रडला.

मॅडम म्हणाल्या, आता त्याच्या मूळ पेशींपासून नव्या टी सेल बनतील, त्या माझ्या थायमसमध्ये शिकतील, मला ओळखतील. पण या वयात ती ग्रंथी आक्रसलेली असते. वर्ष लागेल, जास्तही. पूर्ण जमेलच असं नाही.

त्या तयार टी सेलना आवरणाऱ्या गोळ्या अजून चालू आहेत. शेतात जायची मनाई आहे. हातांची कातडी ताठ झालीय, भाकर थापता येत नाही.

तुमच्या घरी ही वेळ आली तर पेशी देणाऱ्याजवळही बसा. ‘तू कसा आहेस,’ असं दिनूला आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.