बापूंचे दात आणि माझ्या दोन ट्यूब

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. मी जालन्याहून अंबडजवळच्या आमच्या मळ्यात गेले होते आणि बापू, म्हणजे माझे वडील, मोसंबीच्या झाडाखाली पाठ करून उभे होते. काय झालं म्हणून पुढे जाऊन बघते तर… डोळ्यांत पाणी, आणि हातात अर्धी चोखलेली फोड.

"काही न्हाई. सणक गेली जराशी," म्हणाले.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. आमच्या भागात तेव्हा मोसंबीची बाग उतरवायला झाली की नाही, हे बापू सांगायचे. मालक आणि व्यापारी दोघंही त्यांना घेऊन जायचे. एक फळ खालच्या फांदीचं, एक शेंड्याचं, एक उन्हाच्या बाजूचं… फोड पुढच्या दातांत धरून चोखायची, असं दहा-पंधरा झाडांचं. बापू "झाली" म्हणाले की झाली. मिळायचं काय, तर चहा. पण सीझनमध्ये माणूस असा ताठ चालायचा की विचारू नका!

आणि आता फोड दाताला लागली की कळ थेट मस्तकात. आईने हळूच सांगितलं, पाणीसुद्धा कोमट करून पितात… आणि कुणाला सांगू नको म्हणून तिलाच दटावतात. लोकांना कळलं तर बोलावणं बंद होईल, ही त्यांची भीती.

मी विज्ञानाची शिक्षिका. असं काही हातात आलं की माझ्या अंगात येतं. जालन्यातल्या मेडिकलमधून सेन्सिटिव्ह दातांच्या दोन पेस्ट आणल्या, नवऱ्याचं भिंग घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचत बसले.

एकीत स्ट्रॉन्शियम क्लोराईड. झिजलेल्या दाताला बारीक छिद्रं पडलेली असतात, ती हे बुजवतं, म्हणजे थंड-आंबट आत शिरत नाही. दुसरीत पोटॅशियम नायट्रेट. ते आतल्या नसेलाच शांत करतं, पण रोज लावलं तर, आणि दोन-चार आठवड्यांनी. पहिलीत फ्लोराईड नव्हतं, दुसरीत होतं. शिवाय पहिली चवीला खारट… बापूंच्या जिभेला ते कसं चालणार? मी वहीत रकाने पाडले, मार्क दिले. दुसरी पास!

ट्यूब घेऊन गेले तर नाव ऐकून बापू हसायलाच लागले. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे त्यांचं तेरा-शून्य-पंचेचाळीस, बागेवर फवारायचं खत. "मला खत घालून राह्यली का तू? मंग दाताला आता फुटवा येतो का?" म्हटलं, बापू, गुपचूप लावा. दिवसातून दोनदा, आणि लगेच खळाखळा चुळा भरायच्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात फोन. "सुमे, माठातलं पाणी पिलो. गटागटा. बिलकुल काही झालं न्हाई बघ!" मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले… हो, इतकी मी शहाणी.

इथेच गोष्ट थांबली असती तर मी हे लिहायला बसले नसते.

दुखणं गेल्यावर बापू दुप्पट जोमाने बागा फिरायला लागले. मोसंबीचे दोन्ही हंगाम, आंबे बहार झाला, मृग बहार झाला, पूर्वी जिथे जात नव्हते त्या गावांनाही गेले. आणि घरी आले की तोंड चिकट झालं म्हणून मीठ आणि राखुंडीने दात खसाखसा घासायचे. कित्येक वर्षांची सवय. मला ठाऊकच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मऊ भाकरीचा घास तोडताना वरचा पुढचा दात मोडला.

जालन्याच्या डेंटिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, रोज आंबट काय खाता?" एवढा साधा प्रश्न, आणि दोन ट्यूब पाठ करूनही तो मला सुचला नव्हता. आंबटाने दात मऊ पडतो, त्यावर लगेच मीठ घासलं की झिजतो. पेस्टने कळ थांबवली होती, झीज नाही. कळ राहिली असती तर बापू निदान थांबले तरी असते… वरचे दात पार नस उघडी पडेपर्यंत गेले होते, काही हलत होते. सगळे काढले. कवळी बसवली.

त्याच वर्षी आमचीच बाग बघायला व्यापारी आला. ओळखीचा, बापूंना मामा म्हणणारा. बापूंनी चाकूने फळ कापून फोड तोंडात घेतली. कवळीने टाळू झाकलेली, चव पहिल्यासारखी लागत नसावी… बराच वेळ घोळवत राहिले. मग म्हणाले, "झाली. गोड हाय बराबर. उतरवा."

त्याच फळाची दुसरी फोड माझ्या तोंडात होती. आंबट! महिनाभर तरी बाकी होता. व्यापाऱ्यानेही चाखली आणि खाली बघत म्हणाला, "बरं मामा. पण सध्या माणसंच मिळंनात… पुढच्या महिन्यात येतो."

बापूंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. मला मेलीला चेहरा लपवता येत नाही. त्यांनी चाकू धोतराला पुसला, माझ्या हातात दिला आणि घराकडे चालायला लागले.

त्यानंतर ते कुणाच्याही बागेत गेले नाहीत. बोलावणं आलं की आई दारातूनच सांगायची, झोपलेत.

बापू जाऊन आता बरीच वर्षं झाली. आजही कुणी दुखणं घेऊन आलं की मी आधी दिवसभर काय करता, काय खाता, हे खोदून खोदून विचारते. लोक वैतागतात. वैतागू देत.

बापूंनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. उलट येईल त्याला कौतुकाने सांगायचे, "आमच्या सुमीच्या पेस्टनं दात दुखायचे थांबले बघा…" आणि मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी असायचे. एकदा तरी रागवायला हवं होतं हो बापू तुम्ही.