सुई खाली, टाकी खाली

मराठीत नवऱ्याला यजमान म्हणतात, आणि पाहुण्याला जेवू घालणाऱ्यालाही यजमानच. आमचे यजमान दोन्ही अर्थांनी अस्सल ग्वाल्हेरचे. समोरचा पानावर दोन्ही हात आडवे धरून बसला तरी ह्यांचा लाडू त्या हातांवर पडायचाच. पुढे ह्यांनी घरी विमान बांधलं, तर त्याच्या इंजिनालाही असंच आग्रह करकरून पेट्रोल पाजलं. ते बिचारं ठसकायचं, काळा धूर ओकायचं. विमान मैदानभर धावायचं, पण जमीन काही सोडायचं नाही.

हो, विमानच. जयेंद्रगंजात आमच्या भाड्याच्या घरामागे टिनाचं छप्पर होतं, तिथे ते जन्माला आलं. हे बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. पुलांचे काढता काढता एक दिवस पंखाचा काढून बसले. इंजिन फौजेच्या लिलावातल्या जुन्या मोटारसायकलचं. पंखांवर चढवायचा मांजरपाट मी पाटणकर बाजारातून आणला. एवढं कापड बघून दुकानदाराने विचारलं, "बहनजी, इतने परदे? कोठी ले ली क्या?"

"नहीं भैया, पंख शिवायचेत," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कापड बांधून दिलं.

मी वाईची. आमच्याकडे हात मोजका. भाजीत तेल घालतानाही वाटीत काय उरलं ते बघून घालायचं. त्यामुळे इंजिनाच्या खाण्यावरून आमचं दोघांचं रोज वाजायचं. कार्बोरेटरमध्ये एक बारीक सुई असते. ती वर उचलली की पेट्रोल जास्त जातं, खाली घेतली की कमी. ह्यांनी त्या सुईला तार जोडून एक छोटा दांडा बाहेर काढला होता आणि तो माझ्या ताब्यात दिला होता. इंजिन चालवून बंद केलं की आम्ही त्याचा प्लग काढून रंग बघायचो. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर कमी, मग इंजिन तापून जळायचं भय. पाहिजे तो मधला रंग, लाडवासाठी नीट भाजलेल्या बेसनाचा. बेसन मला कळत होतं.

"अहो, काळाच आहे. सुई अजून खाली घेऊ या."

"फिकीर नको करू. भुकेलं इंजिन ऐन वेळेला धोका देतं. थोडं ज्यादाच बरं."

मेळ्याचं मैदान मेळा नसला की आमचंच असायचं. पहाटे धुकं उतरलेलं असे, किल्ला अर्धाच दिसे, तोही जमिनीपासून सुटल्यासारखा. त्या धुक्यात मी ओल्या गवतावर चपला काढून उभी राहायची आणि ह्यांचं विमान लांब जाऊन नाहीसं व्हायचं. मग नुसता आवाज यायचा. मला वाटायचं, दिसत नाही तेवढा वेळ तरी ते वर असेल. मग धुक्यातून ते जमिनीवरूनच परत यायचं, आणि ह्यांच्याआधी मीच हिरमुसायची.

संस्थान विलीन झालं तेव्हा आमच्या घरात फारसं काही हललं नाही. कचेरीची पाटी बदलली, ह्यांचं टेबल तेच राहिलं. मध्यभारत झाला आणि राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी सासर-माहेर करू लागली. त्याचीही सवय झाली. पण राज्यांची पुनर्रचना होऊन मध्य प्रदेश ठरला, कचेरी कायमची भोपाळला निघाली, आणि ह्यांचा चेहरा उतरला. तिथे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. त्यात पंख कुठे ठेवायचे? मुरारच्या एका शेतकऱ्याने इंजिन विहिरीच्या पंपाला मागितलं होतं आणि ह्यांनी हो म्हटलं होतं. म्हणजे निघायच्या दिवशी सकाळी उडालं तर उडालं, नाहीतर कधीच नाही. गाडी दुपारची होती.

ते पडेल अशी मला भीती होती. उडालंच नाही तर हा माणूस भोपाळला जाऊन कसा जगेल, ही भीती त्याहून मोठी होती.

मदतीला शेजारचे मास्टरसाब होते. हिंदी शाळेत भूगोल शिकवायचे आणि आपल्याला मराठी सगळं समजतं असा त्यांचा दावा होता. विमानाच्या एका अंगाला मी, सुईचा दांडा धरून. दुसऱ्या अंगाला ते, टाकीच्या तोटीपाशी. चाकांपुढच्या विटा काढायचं कामही त्यांचंच. इंजिन सुरू झालं आणि नेहमीसारखं ठसकू लागलं. ह्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. मोठ्याने ओरडले, "खाली! खाली कर!"

मी सुई खाली घेतली. मास्टरसाबांनी टाकी खाली केली.

आता चूक कोणाची म्हणायची? वाईत खाली म्हणजे वरच्या उलट. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आणि ग्वाल्हेरच्या मराठीत ज्याला जो पाहिजे तो अर्थ. मास्टरसाबांनी तोटी उघडली, पेट्रोल गवतात गेलं, तोटी बंद केली, विटा ओढल्या. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो, एक ठिणगी पुरली असती. विमान सुटलं तेव्हा ते हात पुसत म्हणाले, "कर दिया भाभीजी, बिलकुल खाली."

मी ओरडले. ऐकू कोणाला जाणार?

तळाशी उरलेलं पेट्रोल संपत चाललं, आणि इंजिनाला आयुष्यात पहिल्यांदा मोजका घास मिळाला. ठसका थांबला. धूर थांबला. आवाज चढत गेला, एकसारखा, गोड. मी तो तोवर ऐकलाच नव्हता. विमानाची शेपटी उचलली. मग चाकांखालून मला पलीकडचं धुकं दिसलं. चाकं हळूहळू फिरत होती आणि त्यांच्या खाली काहीच नव्हतं. पुढच्याच क्षणी आवाज गेला. विमान अलगद गवतावर टेकलं, थोडं धावलं, थांबलं.

मी बाजूबाजूने धावत पोचले तेव्हा हे खाली उतरून पंखाला धरून उभे होते.

"उठलं होतं का गं?"

"उठलं होतं."

"सच सांग. मला तर सगळं हलूनच राहिलं होतं, कळलंच नाही. माझं मन राखायला नको सांगू."

मास्टरसाब तेव्हा वाकून विटा गोळा करत होते, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. साक्षीदार मी एकटी, आणि बायकोची साक्ष कोण धरतो? ह्यांचे डोळे बघून मला रडू आलं. मग मी ह्यांचा हात धरला आणि चाकं आली त्या वाटेने उलट चालू लागले.

दवाने गवत पांढरं झालं होतं. त्यात चाकांच्या दोन हिरव्या रेघा उमटल्या होत्या. थोडं चाललो आणि दोन्ही रेघा एकदम संपल्या. पुढे दव तसंच होतं, न मोडलेलं. त्याच्या पलीकडे रेघा पुन्हा सुरू झाल्या होत्या.

हे तिथेच उकिडवे बसले. मास्टरसाब माफी मागत धावत येत होते, नेमके त्या पांढऱ्या पट्ट्याकडे. ह्यांनी हात वर केला. "मास्टरसाब, वहाँ से नहीं. घूमकर आइए."

धुकं विरलं, ऊन आलं. दव कडेकडेने जाऊ लागलं. घरी वळकट्या बांधायच्या राहिल्या होत्या.

"थोडं आणखी थांबायचं?" ह्यांनी विचारलं.

"थोडं कशाला?" मी म्हटलं. "पोटभर थांबा."