जॅकच्या पानावरची चिठ्ठी

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोटारदुरुस्तीचं पुस्तक मराठीत लिहिलं तेव्हा आमच्या भागातल्या मिस्त्रींना इंग्रजी पुस्तकांतली फक्त चित्रं कळत. पुढे हौसेनं विमानाच्या इंजिनावरही लिहिलं. आई म्हणायची, "आधी लोकांस्नी एकेक विमान वाटा, मग खपंल." ते गठ्ठे माळ्यावरच राहिले.

मोटारीचं पुस्तक मात्र खपलं, आणि तेच त्यांच्या जिवावर उठलं. जॅकच्या पानावर 'गाडी उचलून खाली शिरावे' एवढंच छापलं होतं. आधी चाकांना दगड आणि गाडीखाली लाकडी ठोकळे लावावेत, हे लिहायचं राहिलं. लिहिणारा स्वतः मिस्त्री. ठोकळे लावणं हाडीमाशी इतकं भिनलेलं, की ते सांगावं लागतं हेच सुचलं नाही. चूक कळेपर्यंत प्रती विकल्या गेल्या होत्या.

यंदा अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी जेवण टाकलं. एकच घोकणं, "कुणाला लागलंबिगलं न्हाय न्हवं? बघून ये." राहिलेली सूचना लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि डिंकाची बाटली घेऊन मी गॅरेजांचं अख्खं उद्यमनगर पालथं घातलं. कुणी हसलं, कुणी चहा पाजला. पुस्तक कुणाकडेच नव्हतं. मला आबांचा भयंकर राग यायचा आणि लगेच रडू यायचं. माणूस डोळ्यांदेखत सुकत चालला होता आणि मी लोकांच्या गॅरेजात जुनी पुस्तकं शोधत होतो.

शेवटी कागलच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे प्रत निघाली. ते कुबडी टेकत दारात आले. एक पाय गुडघ्यापासून नव्हता. चिठ्ठी वाचून त्यांनी जॅकचं पान उघडलं.

"नवीन हुतो तवा," ते म्हणाले. "पुस्तक वाचूनच खाली शिरलो, जॅक सटकला. पर आबास्नी सांगू नगासा, पावणं. ह्याच पुस्तकावर पोट भरलंय की माझं."

चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटवली. मला तिथं मान वर करवेना.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी सांगून टाकलं, "आबा, एक प्रत मिळाली. कुणाला काही झालं नाही."

आबांनी अजून काही विचारलंही नव्हतं.

"कागद आण," ते म्हणाले. "आणि पत्ता सांग त्याचा. माफी मागायची हाय."

मी कागद आणला. त्यांनी पेन माझ्याच हातात दिलं, आणि मी कागलचा पत्ता लिहायला घेतला.