न कुजलेला उकिरडा

लोणावळ्याच्या शाळेत मी पोरांना ओला कचरा आणि सुका कचरा शिकवते. हिरवा डबा, निळा डबा. केळीची साल कुठे, वेफरचं पाकीट कुठे. पोरं धडाधड उत्तरं देतात आणि मधल्या सुट्टीत पाकिटं खिडकीतून बाहेर भिरकावतात. मी ओरडते. ओरडून घसा बसला की हटकून वडील आठवतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांना कचरा हा प्रकारच ठाऊक नव्हता. त्यांना उकिरडा ठाऊक होता.

माझं माहेर इथून फार लांब नाही. वडगावकडे जाताना रूळ ओलांडून आत वळलं की आलं. घरामागे गोठा आणि गोठ्यामागे उकिरडा. शेण, चुलीतली राख, झाडलोट, खरकटं, भाताचं तूस, विटून फाटलेलं लुगडंसुद्धा तिथेच जायचं. उन्हाळ्यात तो उकरला की आत काळंभोर, भुसभुशीत खत निघायचं. आबा त्यातलं मूठभर उचलून माझ्या नाकाशी धरायचे. "वास घे," म्हणायचे. मी शी शी करत पळायची. त्यांना मात्र मनापासून वाटायचं की अत्तर काय ते हेच. ते खत भाताच्या खाचरात जायचं आणि घरात इंद्रायणी तांदूळ यायचा. घरातून टाकलेलं ताटात परत येतं, यात त्यांना नवल असं काही वाटत नसे.

मग भाऊ कंपनीत लागला. गुरांचं करायला कुणी उरलं नाही आणि गोठा रिकामा झाला. त्याच सुमारास गावाची नगरपंचायत झाली. म्हणजे पाटी बदलली, आणि सकाळी घंटागाडी गाणं वाजवत फिरायला लागली. घरामागचे उकिरडे बुजवा, असं भोंग्यावरून सांगून गेले. मला बरंच वाटलं. गावात माश्या कमी झाल्या, ओढ्याकाठची घाण हटली, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. भावाने उकिरड्याच्या जागी फरशी घालून मोटारसायकल लावली. आबा मात्र संध्याकाळी खरकटं हातात घेऊन सवयीने मागच्या दारी जायचे आणि फरशीपाशी थबकायचे.

घंटागाडी भरली की आमच्या खाचरांवरून कचरा डेपोकडे जायची. टेकडीवर आता पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले झालेत. शनिवार-रविवार तिथे चंगळ असते आणि सोमवारी ती सगळी गाडीत येते. आबा बांधावर बसून ती काठोकाठ भरलेली गाडी बघायचे. इकडे खाचरं शेणखताविना भुकेली, आणि तिकडे एवढं खत डोळ्यांदेखत वाया चाललेलं! त्यांचा जीव तुटायचा. शेवटी त्यांनी बांधालगत एक खड्डा खणला आणि एका सकाळी हात करून गाडी थांबवली. "हितंच वत," ते ड्रायव्हरला म्हणाले, "माझ्या खड्ड्यात. कुजंल."

डेपो लांब, रस्ता खड्ड्यांचा. ड्रायव्हरला आयतंच मिळालं. तरी तो बिचारा म्हणाला म्हणे, "आबा, मिक्स माल हाय बरं."

"उकिरडा मिक्सच आसतो," आबा म्हणाले.

हे मला आणि भावाला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर खड्डा भरला होता, वर मातीचा थर पडला होता, त्यावर पाणी शिंपून झालं होतं. उन्हाळ्यात त्यांनी तो उकरला. खत कमी आणि पिशव्याच जास्त निघाल्या. हाताला लागल्या तेवढ्या त्यांनी उपसून काढल्या आणि बाकीचं खाचरात पसरलं. राहिलेलं चिखलात कुजेल, अशी त्यांची खात्री होती. मी त्यांना वेडं तरी कसं म्हणू? टाकलेलं कुजलं नाही, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं.

आमच्याकडे भाताची लावणी इर्जिकीने होते. वाडीतल्या सगळ्या घरच्या बाया मिळून आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. ज्याचं खाचर, त्याच्या घरचं जेवण. आई गेल्यापासून आबांच्या पाळीला मी रजा टाकून जाते आणि भाकरी-आमटीचं बघते. त्या वर्षीही गेले. रांगेत सगळ्यांत पुढे शेजारची मावशी होती. आईची ती जिवाची मैत्रीण, आबांना भाऊ म्हणते. तिच्या हाताची लावणी म्हणजे दोरी धरल्यासारखी सरळ.

चिखलावर चकचकीत पाकिटं तरंगत होती. बाया खिदळायला लागल्या. "भाऊ, भात लावायचा का वेफर?" मावशीने विचारलं. आबाही हसले. मीही हसले. आणि मावशी एकदम मटकन खाली बसली.

पाय वर काढला तेव्हा तळव्यातून रक्त चिखलासकट ओघळत होतं. हिरव्या बाटलीचा तुकडा आत शिरला होता. तेवढ्यात पलीकडची एक सून ओरडली, तिच्याही बोटाला लागलं होतं. बाया हातातल्या रोपांच्या जुड्या टाकून बांधावर चढल्या. आबांनी खांद्यावरचा टॉवेल फाडून मावशीचा पाय बांधला. गाठ काही नीट बसेना, ती त्यांनी दोनदा सोडून बांधली. मी तिला स्कूटरवर घालून वडगावला नेलं, टाके पडले. शिजवलेलं सगळं तसंच राहिलं.

मावशी आबांना एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर सोपं गेलं असतं. पण पुढच्या वर्षी इर्जिक आमच्या खाचरापाशी आली आणि न थांबता पलीकडे गेली. संध्याकाळी मावशी घरी येऊन म्हणाली, "भाऊ, मी येत्ये वो, पर सुना आयकंना झाल्यात." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अनवाणी पायांनी करायचं काम ते, आणि पाय त्यांचेच.

मला राग येतो. बाटल्या फोडून जाणाऱ्यांचा येतो, गाडी रिकामी करणाऱ्या ड्रायव्हरचा येतो, एकाच गाडीत सगळं भरणाऱ्यांचा येतो. आणि राग ओसरला की फक्त वाईट वाटत राहतं.

माझा भाऊ म्हणाला, वरची माती काढून दुसरी आणू. "माती काय सदरा हाय व्हय बदलाया?" म्हणून आबांनी त्याला उडवून लावलं. तेव्हापासून ते घमेलं घेऊन खाचरात काचा वेचतात. एक थर वेचून होतो, पाऊस पडतो, आणि खालून नवीन वर येतं.

यंदा आमची पाळी नव्हती, तरी लावणीला मी गेले. आबा आमच्याच खाचरात काचा वेचत वाकले होते, पायांत गमबूट. आम्ही लहानपणी चपला घालून खाचरात पाऊल टाकलं, तर हेच आबा बांधावरून शिव्या हासडायचे.

मला बघून ते कमरेवर हात देऊन उभे राहिले. "शाळंत शिकवतीस न्हवं? सांग, काच कवा कुजती?"

काय किती वर्षांत कुजतं त्याचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर मीच रंगवून लावलाय; त्यात काचेपुढे लाखो वर्षं आहेत. "कुजेल आबा," मी म्हटलं, "हळूहळू."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पोरास्नी बी आसंच शिकवतीस का?"

 शेजारच्या खाचरात लावणी उरकत आली होती. मावशी अजून त्या पायावर जपून भार देते. तिने बांधावरून हाक मारली, "भाऊ, चला जेवाया! लेकीला बी आना."

"तू जा," आबा म्हणाले.

"तुम्हीही चला की. एवढ्या प्रेमाने बोलावतेय ती."

"जेवल्यावं त्यास्नी आपल्या हितं बोलवाय लागतंय," ते म्हणाले. "कवा बोलवू?"

मी एकटीच गेले. दोन घास खाल्ले आणि उठले. निघताना मावशीने फडक्यात भाकरी आणि वर झुणका बांधून दिला. "भाऊंना म्हनावं, माज्यासाटी खा," ती म्हणाली.

मी ते आबांना नेऊन दिलं आणि तिचा निरोप सांगितला. त्यांनी ओहोळात हात धुतले, बांधावर टेकून फडकं सोडलं, भाकरीकडे पाहिलं. मग पुन्हा गाठ मारून ते माझ्या हातात दिलं आणि घमेलं घेऊन चिखलात उतरले.