रजिस्टरातली मावशी

मेट्रन मॅडमनी माझा स्टीलचा ग्लास टिश्यूत धरून उचलला आणि पिवळ्या पिशवीत टाकला. पँट्रीत, सगळ्यांसमोर. दोन सिस्टर होत्या, तीन मावश्या होत्या. गॅसवर चहा उकळत होता.

पिवळी पिशवी म्हणजे रक्ता-पुवाचे बोळे, कापून काढलेलं मांस. जाळायला जातं ते. वाशीच्या या नर्सिंग होममध्ये चौदा वर्षं त्या पिशव्या मीच बांधते. म्हणून तोंडून निघून गेलं, "मॅडम, स्टील पिवळ्यात नाही जात."

"तू मला शिकवू नकोस," मॅडम म्हणाल्या. "घाण तिकडून आणायची आणि इथे वाटायची. तुमच्या वस्तीत चालत असेल."

चूक माझीच. मीच त्यांना सांगायला गेले होते. जुईनगरला आमच्या विहारात जयंतीचं रक्तदान शिबिर होतं. रक्त दिलं आणि काही दिवसांनी फोन आला, येऊन भेटा. मग सरकारी दवाखान्यात दुसरी टेस्ट. हिपॅटायटिस सी. मला वाटलं, आपण दवाखान्यातली माणसं, आपल्याच माणसांपासून आजार काय लपवायचा? औषधासाठी सरकारी दवाखान्यात जायला महिन्यातून एक मंगळवार सुट्टी द्या म्हणून सांगायला गेले. येडी मी!

हा रोग रक्तातून जातो. ग्लासातून नाही, ताटातून नाही. मेट्रनला हे माहीत नसणार? चांगलं माहीत होतं. तरी टाकला.

आणि माझ्यात तो आला कुठून, तेही मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी पिवळी पिशवी बांधताना सुई मांडीत घुसली. सुईची जागा पांढऱ्या डब्यात. कुणीतरी घाईत बोळ्यांत फेकली होती. मी ड्यूटीवरच्या सिस्टरना दाखवलं. "साबणाने धू, काही होत नाही," म्हणाल्या आणि रजिस्टरमध्ये ओळ लिहिली. मी धुतलं आणि फरशी पुसायला गेले.

मॅडमना म्हटलं, रजिस्टर काढा. काढलं. ओळ सापडली. तारीख होती, वेळ होती. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, मावशी.

"आमच्याकडे सहा मावश्या आहेत," मॅडम हसल्या. "ही तूच कशावरून?" आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी स्वखुशीने काम सोडत आहे. "शुक्रवारपर्यंत सही कर."

सही करावी तर दुसऱ्या दवाखान्यात विचारणार, का सोडलं? न करावी तर रोज त्या नजरा. घरी तरी काय! नवऱ्याने एकदाच विचारलं, "कुणाकडनं आणलंस?" मग माझा कंगवा वेगळ्या फळीवर ठेवला. परभणीहून आई आली ती झाडपाल्याच्या औषधाची बाटली घेऊनच. "कावीळच हाय ही. सात दिस उपाशीपोटी घे, लिव्हर धुऊन निघतंय." रडायचं तर मोरीत. कडी लावायची, नळ सोडायचा. पण मोरीत माणूस किती वेळ बसणार? बाहेर सगळी वाट बघत उभीच.

मंगळवारी सरकारी दवाखान्यात बाकावर बसले होते. आतून कुणाचं तरी पूर्ण नाव पुकारत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मी आपली बसून. शेजारच्या बाईने माझ्या हातातल्या केसपेपरात डोकावलं. "अहो ताई, तुमचंच नाव ना हे?"

माझंच होतं! चौदा वर्षं दिवसभर मावशी, मावशी ऐकून माझं नाव मलाच ओळखू आलं नाही. असा संताप आला म्हणून सांगू! मेट्रनचा नाही, माझा स्वतःचाच.

डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. बारा आठवडे रोज गोळी, एकही चुकवायची नाही. झाडपाला बंद, दारूचा थेंब नाही, अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. ब्लेड, नेलकटर, ब्रश आपापला. ताटवाटी सगळ्यांची एक चालते. "लिव्हर बोलत नाही हो," ती म्हणाली. "गपचूप सोसत राहतं. बोलतं तेव्हा फार उशीर झालेला असतो."

मी म्हटलं, "ते ताटाचं, ग्लासाचं कागदावर लिहून द्या." तिने शिक्क्यासकट दिलं.

घरी येऊन आईची बाटली मोरीत ओतली. आई रुसली. रुसू दे. कंगवा परत सगळ्यांच्यात ठेवला.

शुक्रवारी डॉक्टरणीचा कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि तिथलं रजिस्टर उघडलं. त्या जुन्या ओळीखाली जागा नव्हती. शेवटच्या पानावर आजची तारीख घातली. लिहिलं, त्या दिवशी सुई टोचलेली मावशी म्हणजे मी. खाली पूर्ण नाव, सही. मोबाईलवर दोन्ही पानांचे फोटो काढले.

"रजिस्टरला हात लावायची हिंमत कशी झाली, मावशी?"

"मी तुमची मावशी नाही," मी म्हटलं. "नाव लिहिलंय. वाचा."

राजीनाम्यावर सही केली नाही.

सातवा आठवडा चालू आहे. चार पायऱ्या चढले की धाप लागते. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी टेस्ट, रोग गेला की नाही ते तेव्हा कळणार. मॅडमनी मला खालच्या लाँड्रीत टाकलंय, खिडकी नसलेल्या खोलीत. उद्या काढतीलही. काढू देत. पण त्यांच्या सहीने काढायचं, माझ्या नाही.

आणि वरून कुणी "मावशी" म्हणून ओरडलं तर मी जागची हलत नाही. माझं नाव इथं सांगणार नाही. ते रजिस्टरात आहे. तिथं जाऊन वाचायचं, आणि मग हाक मारायची.