हळदी-कुंकू बदकाचा रिपोर्ट

वर्तमानपत्राच्या बातमीसाठी गेलो तेव्हा शिनोलीच्या पुढे, धरणाच्या पाण्यालगत तो मला भेटला. रानबदकांचे रक्त तपासणारा संशोधक. त्याचे नाव मी विचारले नाही. उत्तर देण्याआधी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायची त्याची सवय तेवढी लक्षात राहिली.

काठावर पकडलेल्या हळदी-कुंकू बदकाच्या मादीचे रक्त त्याने पुण्याला पाठवले होते. पोटात अंडी तयार होत असली की रक्तातले कॅल्शियम वाढते. तसे निघाले तर घरटे जवळच असणार, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत गवत कापू नका, अशी त्याने जमिनीच्या मालकीणबाईंना विनंती केली होती. त्यांच्या म्हशी तोवर विकतच्या कडब्यावर होत्या.

मी गेलो त्या दिवशी रिपोर्ट आला.

"अंड्यांचं काही लक्षण नाही. कापा, मावशी."

बाईंनी विळा चालवला. थोड्याच वेळात पुढ्यातून एक बदक फडफडत उडाले. पायात संशोधकाने रक्त घेताना ओळखीसाठी घातलेली कडी होती. खाली गवतात अंडी होती, अजून कोमट.

"पावणं, रगात खोटं बोललं व्हय?"

त्याने चष्मा पुसला. "रक्त बरोबर आहे. नवी अंडी तयार होत नाहीत. सगळी घालून झालीत."

"लई शाणं रगात हाय!"

रिपोर्ट चुकलेला नाही, हे त्याने मला पुन्हा समजावले. बातमीत तसे यावे, ही त्याची अपेक्षा होती. बाईंनी घरट्याभोवतीचे गवत राखून विळा दुसरीकडे वळवला.

संध्याकाळी मादी अंड्यांवर परतली. "पुन्हा एकदा रक्त घ्यायला हवं," असे म्हणत तो उठला. बाई विळा हातात घेऊनच त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या.